ओगरच्या डावात आधी ट्रेड मोजा, घरचे नियम मग ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडला राहणारे चौघे दर रविवारी ओगर खेळतात, म्हणजे एका अजस्र यंत्ररणगाड्याविरुद्ध अख्ख्या फौजेचा, षटकोनी घरांच्या (हेक्सच्या) नकाशावरचा बोर्डगेम. एका बाजूला एकटा मार्क थ्री जातीचा ओगर, त्याला समोरची कमांड पोस्ट उडवायची असते; दुसऱ्या बाजूला ती राखणारा डिफेन्स, १२ गाडे आणि २० पायदळ. सुरुवातीला ओगर सारखा जिंकत होता. मग एकाने बाराच्या बारा जीईव्ही, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत धावणाऱ्या वेगवान गाड्या, घेतल्या आणि तेव्हापासून डिफेन्स हरायचं नावच घेत नाही. आता चौघांत वाद चालू आहे की जीईव्हीचा वेग कमी करावा, ओगरला ट्रेड (ज्यांवर तो चालतो ते पट्टे) दुरुस्त करू द्यावेत, की हॉवित्झर (लांब पल्ल्याची तोफ) स्वस्त करावी.

यातलं काहीच आत्ता करू नका. मधल्या उपायाला तर हातही लावू नका, त्याचं कारण पुढे येईलच. आधी हिशोब करू. हा खेळ १९७७ चा, स्टीव्ह जॅक्सन यांचा, त्याची भर म्हणून जी.ई.व्ही. नावाचा खेळ १९७८ मध्ये आला. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये बारीकसारीक फरक होत गेले. त्यामुळे पहिला घरचा नियम एवढाच: टेबलावर एकच नियमपुस्तक ठेवायचं, आणि वाद झाला तर त्यात छापलंय तेच खरं. अर्धे वाद दोघांनी वेगवेगळी आवृत्ती वाचल्यामुळे होतात.

खाली शब्द वापरलेत ते असे. फाशाचा निकाल एक्स म्हणजे उडाला, डी म्हणजे ठप्प, म्हणजे पुढच्या पाळीत ना हलता येत ना गोळी झाडता येत, आणि ठप्प असताना पुन्हा डी आला की उडालाच. ओगरवर मात्र डीचा काहीही परिणाम नाही. त्याचं शस्त्र एकतर उडतं, नाहीतर जसंच्या तसं राहतं. डिफेन्सचे बहुतेक चुकीचे निर्णय ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

निकालतक्ता पाठ करा

हल्ल्याची ताकद आणि बचाव यांचं गुणोत्तर एकास दोन असेल तर उडण्याची शक्यता ६ पैकी १. एकास एकला ६ पैकी २, दोनास एकला ३, तीनास एकला ४, चारास एकला ५, आणि पाचास एक झालं की फासा टाकायचीच गरज नाही. अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या बाजूने धरायचा. म्हणजे मुख्य तोफेचा बचाव ४ असताना तिच्यावर ७ ताकद ओतली तरी ते एकास एकच. त्यातले ३ गुण पाण्यात गेले. ११ ओतली तरी दोनास एकच. मुख्य तोफेवर ४, ८, १२ हेच आकडे कामाचे. दुय्यम तोफा आणि मिसाइल यांचा बचाव ३, तिथे ३, ६, ९, १२. एकटी जीईव्ही २ ताकदीची, ती दुय्यम तोफेवर एकास दोन ठरते, म्हणजे जवळजवळ फुकट गेली. दोन जीईव्ही मिळून मुख्य तोफेवर बरोबर एकास एक होतात, एक गुणही वाया जात नाही.

आता ज्यावर बहुतेक टेबलांचा विश्वास बसत नाही ते गणित. एकास एकचे दोन वेगळे हल्ले करावेत की ताकद एकत्र करून दोनास एकचा एकच? एकत्र केला तर यशाची शक्यता ५० टक्के. वेगवेगळे केले तर दोन्ही फसण्याची शक्यता दोन-तृतीयांश गुणिले दोन-तृतीयांश, म्हणजे ९ पैकी ४. यश ९ पैकी ५, जवळपास ५६ टक्के. तीन वेगळे हल्ले ७० टक्के, एकत्रित तीनास एक ६७ टक्के. चारला पारडं फिरतं: वेगळे ८० टक्के, एकत्र ८३. पाचला एकत्र केलं तर खात्रीच. म्हणून नियम सोपा आहे. तीन हल्ल्यांएवढी ताकद असेल तर सुटे हल्ले करा, चार-पाच हल्ल्यांएवढी असेल तर जोडा. शिवाय सुट्या हल्ल्यांचा दुसरा फायदा असा की पहिल्याच फाशाला तोफ उडाली तर उरलेले गाडे मोकळे राहतात, त्यांना ट्रेडवर वळवता येतं. हल्ले एकामागून एक होतात, सगळे आधी जाहीर करावे लागत नाहीत, याचा फायदा घ्या.

हे गणित ओगरच्या बाजूने उलटं आहे. गाड्यांवर डीसुद्धा उपयोगाचा असतो, म्हणून ओगरने जोडून मारणं पुष्कळदा बरं. दोन दुय्यम तोफा मिळून ६, जीईव्हीचा बचाव २, म्हणजे तीनास एक. तिथे काही नाही असा निकालच येत नाही. एकतर उडाली, नाहीतर ठप्प झाली. ठप्प झालेला गाडा हाताच्या अंतरावर असेल तर पुढच्या पाळीत धडकेने संपतो, आणि त्याची किंमत एक ट्रेड, जड रणगाड्याला दोन.

ट्रेड म्हणजे ओगरचं घड्याळ

मार्क थ्रीला ४५ ट्रेड, १५-१५ च्या तीन रांगा. पहिली रांग संपली की वेग ३ वरून २, दुसरी संपली की १, तिसरी संपली की जागेवर. ट्रेडवरचा हल्ला नेहमी एकास एक, एका युनिटचा, आणि एक्स आला की हल्ल्याच्या ताकदीएवढे ट्रेड जातात. म्हणजे सरासरीने ताकदीच्या एक-तृतीयांश. हॉवित्झर दर गोळीला २ ट्रेड, जड रणगाडा सव्वाच्या थोडं वर, जीईव्ही पाऊण ट्रेडपेक्षाही कमी. पहिली रांग पुसायची तर सरासरी ४५ गुणांचा मारा लागतो. पूर्ण थांबवायचं तर १३५.

हे आकडे डिफेन्सच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. वरच्या प्रश्नातले सुरुवातीचे पराभव बहुधा इथेच झाले असणार. ट्रेड आणि शस्त्रं यांवर मारा अर्धा-अर्धा वाटला की दोन्हीकडे काहीच होत नाही. ना पहिली रांग संपत, ना मुख्य तोफ उडत.

नकाशाच्या खालच्या कडेपासून कमांड पोस्टपर्यंत सरळ चालत गेलं तर ओगरला साधारण सहा-सात पाळ्या लागतात. पहिल्या दोन पाळ्यांत वेग २ वर आणला तर त्या नऊ-दहा होतात. डिफेन्सला त्या जास्तीच्या तीन पाळ्यांचा संपूर्ण मारा फुकट मिळतो. शिवाय कमांड पोस्ट उडवून झाल्यावर ओगरला परत खालच्या कडेने बाहेरही पडायचं असतं. कमांड पोस्ट उडवली पण स्वतः तिथेच मेला तर तो काठावरचा विजय ठरतो, पूर्ण नाही. हा परतीचा प्रवास बऱ्याच टेबलांवर विसरला जातो आणि मग ओगर भलताच ताकदवान वाटतो.

बारा जीईव्ही का जिंकतात

जीईव्ही ४ हेक्स हलते, २ अंतरावरून मारते, मग ३ हेक्स परत जाते. म्हणजे पाळीच्या शेवटी ती ओगरपासून ५ हेक्सवर असते. आता ओगर काय करू शकतो ते बघा. वेग ३ असताना तो ३ हेक्स पुढे येतो, अंतर उरतं २. दुय्यम तोफांची झेप बरोबर २. मुख्य तोफेची ३. म्हणजे सगळं काही पोचतं, फक्त पायदळविरोधी बंदुका पोचत नाहीत, आणि तशाही त्या गाड्यांवर चालत नाहीत.

वेग २ झाला की अंतर उरतं ३. दुय्यम तोफा बाद, फक्त मुख्य तोफ आणि मिसाइल. वेग १ झाला की उरतं ४, आता मुख्य तोफही बाद.

मुख्य तोफ गेली आणि पहिली पंधरा ट्रेडची रांग गेली, ही दोन कुलुपं लागली की मार्क थ्रीकडे जीईव्हीसाठी फक्त दोन मिसाइल उरतात, तीही एकेकदाच. नंतर खेळ म्हणजे नुसती मोजणी. बारा जीईव्हींची ताकद २४, पहिल्याच धडाक्यात मुख्य तोफेवर एकास एकचे सहा हल्ले होऊ शकतात, त्यातून ती वाचण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिलं कुलूप पहिल्याच पाळीत.

तरीही हे अजिंक्य नाही. तुमचा ओगर खेळणारा बहुधा मिसाइल जपून ठेवतो, कमांड पोस्टसाठी. चूक. कमांड पोस्टचा बचाव शून्य आहे, तिला पायदळविरोधी बंदूकही उडवते. मिसाइल जीईव्हीवर ६ ला २, म्हणजे तीनास एक, ठप्प किंवा उडालेली, तिसरा पर्याय नाही. पहिल्या धडाक्यानंतरची पाळी ही ओगरची सगळ्यात स्वस्त संधी, कारण वेग अजून ३ आहे. तेव्हाच दोन्ही मिसाइल आणि दुय्यम तोफांच्या दोन जोड्या मारल्या तर चार जीईव्ही त्या एकाच पाळीत कामातून जातात. त्यातल्या ज्या ठप्प आहेत त्या पुढच्या पाळीत चिरडायच्या. उरलेल्या आठांची ताकद १६, म्हणजे सरासरी पाच ट्रेड दर पाळीला. पहिली रांग जायला आता तीन पाळ्या लागतील, आणि तोवर ओगर नऊ हेक्स पुढे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट जागेची. बरोबर २ अंतरावर ओगरभोवती १२ हेक्स असतात. ओगर नकाशाच्या बाजूच्या कडेला घासून चालला तर त्यातले ५ नकाशाबाहेर जातात, उरतात ७. खड्डे कोणालाच ओलांडता येत नाहीत आणि ढिगाऱ्याच्या रेषा फक्त ओगर आणि पायदळ ओलांडतात, त्यामुळे त्या भागातून तिरका गेलात तर जीईव्हीची ये-जा आणखी तुटते. मैदानाच्या मध्यातून छाती काढून चालणारा ओगर जीईव्हीसाठी ताटात वाढलेला असतो.

तिसरी गोष्ट जीईव्हीवाल्यांसाठी, नाहीतर हे सगळं वाचून ओगरच जिंकत सुटेल. ओगरच्या मागे राहिलेल्या जीईव्हीने मारून झाल्यावर मागे सरायचं नसतं. ती ५ वर गेली आणि ओगर ३ पुढे गेला की अंतर ८. पुढच्या पाळीत ४ हलून ती ४ वर येते, मारा २ चा. पाळी वाया. ओगरची पाळी झाल्यावर अंतर ६ किंवा कमी राहायला हवं, म्हणजे मागची जीईव्ही ३ हेक्सवरच थांबायला हवी, किंवा दुसऱ्या हालचालीत वळसा घालून पुढे जायला हवी. आणि माघार घेताना सगळ्या एका बाजूला जाऊ नका. दोन्ही बाजूंना फाका, म्हणजे ओगर कुठेही उभा राहिला तरी त्याच्या २ हेक्सच्या आत तीन-चारच सापडतील.

हॉवित्झर: देवळालीचा मोह

नाशिककरांना हॉवित्झर जरा जास्तच आवडते. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, रेंजवरचे आवाज कानांच्या सवयीचे आहेत, आणि खेळात ६ ताकद आणि ८ हेक्सचा पल्ला दिसला की हात आपसूक तिकडे जातो. पण खेळातली हॉवित्झर हलत नाही, बचाव फक्त १, आणि ती दोन गाड्यांच्या भावात पडते.

ओगरची झेप मोजा: वेग ३ आणि मिसाइलचा पल्ला ५, एकूण ८. ओगर पल्ल्याच्या बाहेर, म्हणजे ९ वर किंवा पलीकडे असताना त्याला हॉवित्झर आधी मारता येत नाही, म्हणून एक गोळी तिच्या हक्काची. पण पुढच्याच पाळीत मिसाइल ६ ला १ ने तिला फासा न टाकता उडवतं. मिसाइल संपलेले असतील तर ओगर कुठल्या अंतरावरून आत शिरला त्यानुसार एक किंवा दोन गोळ्या मिळतात, आणि वेग २ वर आला असेल तर दोन किंवा तीन. दोन गाड्यांच्या किमतीला एक गोळी हा घाट्याचा सौदा, तीन गोळ्या हा उत्तम सौदा.

म्हणून हॉवित्झर घेतली असेल तर तिची पहिली गोळी मिसाइलवर, ६ ला ३, पन्नास टक्के. घेतली नसेल तर मिसाइलकडे दुर्लक्ष करा. दोन मिसाइल फार तर दोन गाडे घेतील, मुख्य तोफ दर पाळीला एक घेते. स्वस्त करण्याची सूचना इथेच बाद होते. हॉवित्झर एका गाड्याच्या भावात दिली तर सगळे तीच घेतील, आणि खेळ फासे टाकण्याच्या यंत्रासारखा होईल. भाव बरोबर आहे, वापर चुकतोय.

पायदळाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. पायदळावर डी आला की एक तुकडी जाते, एक्स आला की सगळं हेक्सातलं जातं. ओगरच्या पायदळविरोधी बंदुका शाबूत असतील तर तीन-तीन तुकड्या एकत्र ठेवा: तीन बंदुका मिळून एकास एक, सरासरी नुकसान सव्वा तुकडीच्या थोडं वर. त्याच तीन तुकड्या सुट्या ठेवल्या तर तीन बंदुका सरासरी दोन तुकड्या खातात. बंदुका उडाल्यावर मात्र उलटं करा आणि पायदळ विखरून टाका, म्हणजे दुय्यम तोफेच्या एका गोळीत एकच तुकडी जाईल. जड रणगाड्यांना दुसरं काही मारण्याजोगं नसेल तर त्यांनी बंदुका टिपाव्यात, ४ ला १ म्हणजे दर गोळीला ६ पैकी ५.

मिसाइल टँकचा पल्ला ४, वेग २. त्याला ओगरच्या ७ हेक्स पुढे उभं करा. मुख्य तोफेची झेप ६ आहे, म्हणून तो तिच्या बाहेर राहतो. ओगर ३ पुढे आला की बरोबर ४ वर येतो आणि हा जागेवरूनच मारतो. नंतर तो मरणार हे धरून चाला.

मग घरचे नियम कोणते

बोली लावा. हा एक नियम तुमचे तीन-चतुर्थांश वाद मिटवेल. कुणाला ओगर जड वाटतो, कुणाला डिफेन्स, यावर चर्चा नको. एक जण म्हणतो, मी १२ गाड्यांत डिफेन्स घेतो. दुसरा म्हणतो, मी ११. पहिला म्हणतो १०. ज्याने थांबण्याआधी सगळ्यात कमी आकडा सांगितला तो त्या आकड्यात डिफेन्स करतो, दुसरा ओगर घेतो. पायदळ २० च राहू दे. बारा जीईव्हींचा डाव एवढा भारी असेल तर बोली आपोआप १० किंवा ९ वर येईल, आणि तिथे तो भारी राहणार नाही. नियमात एक अक्षरही बदललेलं नाही. जीईव्हीचा वेग कमी करण्यापेक्षा हे हजारपटीने बरं, कारण वेग बदलला की वर मांडलेली सगळी अंतरं मोडतात आणि प्रत्येक डावपेच पुन्हा शिकावा लागतो.

बोली जमत नसेल तर मर्यादा घाला: जीईव्ही एकूण गाड्यांच्या निम्म्याहून जास्त नाहीत. ढोबळ उपाय आहे, पण चालतो. हलका रणगाडा अर्ध्या गाड्याच्या भावात येतो, म्हणजे एकाच्या जागी दोन. मारा आणि बचाव जीईव्हीसारखाच २, पण दुसरी हालचाल नाही. जीईव्हीच्या निम्म्या किमतीत मरायला तयार असलेला सैनिक म्हणून तो वाईट नाही, विशेषतः ओगरचे ट्रेड धडकेत खर्च करायला.

ट्रेड दुरुस्ती नको म्हटलं त्याचं कारण आता. समजा, ओगर एक पाळी थांबला तर एका फाशाएवढे ट्रेड परत मिळतात. सरासरी साडेतीन. तो हॉवित्झरच्या पल्ल्याबाहेर जाऊन बसेल, डिफेन्सला त्याच्याकडे जावं लागेल, आणि ज्या घड्याळावर हा सगळा खेळ उभा आहे तेच बंद पडेल. डाव साठ-नव्वद मिनिटांचा असतो, तो तीन तासांवर जाईल. दुरुस्ती हवीच असेल तर एखादी मोठी मोहीम मांडा आणि ती दोन डावांच्या मध्ये करा, डावाच्या आत नाही.

खोट्या कमांड पोस्ट हा गमतीचा नियम आहे. तीन काउंटर पालथे ठेवायचे, एक खरा. ओगर ३ हेक्सच्या आत आला की डिफेन्सने तो उलटून दाखवायचा. खोट्यांमुळे ओगरची वाट लांबते, म्हणजे डिफेन्सला जास्त पाळ्या मिळतात. म्हणून सुरुवात १० गाड्यांपासून करा आणि तिन्ही काउंटर एकमेकांपासून किमान ४ हेक्सवर ठेवा. नाहीतर डिफेन्स तिन्ही एकाच कोपऱ्यात ठेवतो आणि नियमाला काही अर्थ राहत नाही.

पावसाळी नियम नाशिकला शोभतो. डावाच्या आधी फासा टाका, ५ किंवा ६ आला तर आषाढातला घाटाकडचा पाऊस: कोणाचाही पल्ला ५ हेक्सपेक्षा जास्त नाही. ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण मार फक्त हॉवित्झरला बसतो. पल्ला ५ झाला की ओगरची मिसाइल-झेप ८ असल्यामुळे तिची हक्काची पहिली गोळीही जाते. फासा खरेदीच्या नंतर टाकणार असाल तर पावसात तिचा भाव एक धरून डिफेन्सला प्रत्येक हॉवित्झरमागे एक गाडा परत द्या. खरेदीच्या आधी टाकणार असाल तर काही करायला नको, कोणी घेणारच नाही.

एक फासा पुन्हा टाकण्याची मुभा, प्रत्येक बाजूला डावातून एकदा, हा चांगला नियम आहे. फार वाईट नशिबाने डाव पहिल्याच पाळीत संपत नाही. एकास एकचा हल्ला त्यामुळे ३३ वरून ५६ टक्क्यांवर जातो, म्हणून तो ट्रेडच्या हल्ल्याला वापरता येणार नाही असं ठरवा.

बाकी शिस्तीचे नियम लहान आहेत, पण भांडण तिथेच होतं. कोण कशावर मारतोय हे मोठ्याने सांगून मग फासा. फासा ट्रेमध्ये पडला नाही तर पुन्हा. काउंटरवरचं बोट उचललं की हालचाल झाली. जीईव्हीची दुसरी हालचाल विसरली आणि समोरच्याने फासा उचलला, तर गेली.

चौघं असाल तर मार्क फाइव्ह, म्हणजे मोठा ओगर, काढा: मुख्य तोफा २, दुय्यम ६, पायदळविरोधी बंदुका १२, मिसाइल ६, ट्रेड ६०, आणि रांगा २०-२० च्या. समोर २० गाडे, ३० पायदळ. डिफेन्स दोघांत वाटा, एकाकडे जीईव्ही आणि दुसऱ्याकडे बाकी सगळं, आणि त्यांनी आपापसात जे बोलायचं ते ओगरवाल्याला ऐकू येईल असंच बोलायचं. चौथा माणूस ओगरचा नोंदतक्ता सांभाळतो. ट्रेड खोडायला तटस्थ हात असला की मधेच एखादा विसरत नाही.

कुठलाही नवा नियम लावला की बाजू बदलून किमान सहा डाव खेळा, आणि एका वेळी एकच नियम. सहापैकी चार डाव एका बाजूने जिंकले म्हणून नियम फसला असं समजू नका. नुसतं नाणं उडवलं तरी सहापैकी चार किंवा अधिक एकाच बाजूला पडणं सुमारे ६९ टक्के वेळा होतं. पाच-एक किंवा सहा-शून्य झालं तर शंका घ्या. तेही २२ टक्के वेळा नशिबानेच घडतं.

स्वतःचा नकाशा: दारणेकाठ

मूळ नकाशा पाठ झाला असेल तर आपल्या भागाचा करा. खेळात एक हेक्स म्हणजे १,५०० मीटर आणि एक पाळी म्हणजे ४ मिनिटं. त्या हिशोबाने ताजा मार्क थ्री ताशी साडेसदुसष्ट किलोमीटरने येतो. २२ हेक्स म्हणजे ३३ किलोमीटर, त्यात घोटीच्या थोडं पुढून देवळाली कॅम्पपर्यंतचा पट्टा साधारण बसतो. ओगर इगतपुरीच्या बाजूने येतो, कमांड पोस्ट देवळालीत, आणि मधे दारणा.

नदीच इथे खरी डोकेदुखी. जीईव्ही पाण्यावरून जाते, रणगाडे जात नाहीत, म्हणून नदी लांब काढली की पुन्हा सगळे जीईव्हीच घेतात. उपाय: चार-पाच हेक्सच्या अंतराने किमान तीन पूल द्या. ओगरला पाण्यातून बिनधास्त जाऊ द्या, जी.ई.व्ही.च्या नियमांतही तो पाण्याखालून जातो. पाण्याच्या हेक्सात असताना ओगरच्या ट्रेडवर हल्ला करता येणार नाही, पण त्यालाही त्या हेक्सातून गोळी झाडता येणार नाही, एवढी एक ओळ पुरते. पायदळाला नदी ओलांडायला पूर्ण पाळी. रेल्वे आणि महामार्ग काढण्याचा मोह आवरा. दिसायला छान दिसतात, पण रस्त्याचा जादा वेग दिला की ओगर सरळ त्यावरूनच येतो आणि अर्धा नकाशा वापरात येत नाही.

छपाईचं माप: हेक्स समोरासमोरच्या बाजूंमध्ये अडीच सेंटिमीटर, १५ स्तंभ बाय २२. उंची सव्वाछप्पन्न सेंटिमीटर, रुंदी सव्वातेहेतीसच्या आत, म्हणजे ए-टू कागदावर आरामात बसतो आणि बाजूला नोंदतक्त्यालाही जागा उरते. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीतवर ट्यूबलाइट पडली की हेक्सचे आकडे दिसत नाहीत. गुंडाळून ठेवू नका, ३ मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवा. काउंटर दीड सेंटिमीटरचे चौकोन, दीड-दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर. त्यांचा कर्ण २.१ सेंटिमीटर येतो, हेक्सात सुटे बसतात. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद चिकटवला तर जून-जुलैत काउंटर बशीसारखे वळतात, म्हणून मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावा आणि रात्रभर जड पुस्तकाखाली दाबून ठेवा. मागच्या कागदावर त्याच गाड्याचं चित्र तिरप्या पट्टीसह छापा: गाडा ठप्प झाला की काउंटर उलटायचा, वेगळी खूण ठेवायला नको. ओगरचा नोंदतक्ता लॅमिनेट करून व्हाइटबोर्ड मार्करने खोडा, पण डाव संपल्यावर लगेच पुसा, आठवडाभर राहिलेली शाई नुसत्या कापडाने निघत नाही.